अवसेची सुट्टी

चौक गावातून कर्जतच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच अंतरावर एक पांढरा रस्ता डोंगराकडे वळतो. तो सिमेंटचा नाही. डंपरमधून सांडलेल्या खडीच्या भुकटीनं तो पांढरा झाला आहे. त्याच्या शेवटी दगडाची खाण, खाणीच्या पायथ्याशी क्रशर, आणि क्रशरच्या अलीकडे, त्याच्याच धुळीत आणि आवाजात, तीन रांगांची एक वसाहत. कंपनीच्या कागदांवर तिचं नाव ‘श्रमसाफल्य’ की असंच काहीतरी भारदस्त आहे, पण चौकातल्या रिक्षावाल्याला ते सांगाल तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. खडी कॉलनी म्हणा, म्हणजे आणून सोडील. तेही कमानीपाशीच, कारण आत शिरला की त्याला रिक्षा धुवावी लागते.

आनंदीबाई लग्न होऊन या कॉलनीत आली तेव्हापासून तिनं एकच काम केलं असं म्हटलं तरी चालेल, ते म्हणजे झाकायचं. पाणी झाकायचं, पीठ झाकायचं, भाजी चिरता चिरता झाकायची, ताट वाढलं की खाणारा येऊन बसेपर्यंत त्याच्यावर दुसरं ताट उपडं घालायचं. देवांनासुद्धा तिनं काचेच्या पेटीत बसवलं होतं. नवरा भिवाजी क्रशरवर ऑपरेटर. तो संध्याकाळी घरी यायचा तो पांढऱ्या भुवया आणि पांढऱ्या पापण्या घेऊन. अलीकडे आंघोळीनंतरही भुवया पांढऱ्याच राहत, ते वय झालं म्हणून. खोकला मात्र वयाचा नव्हता, आणि हे दोघांनाही माहीत होतं. त्यावर दोघं बोलत नसत.

त्यांची मुलगी अक्षदा चौकात एका मेडिकलच्या दुकानात कामाला जायची. दुकानात तिनं एक जादा ड्रेस ठेवला होता. सकाळी गेली की आधी आतल्या खोलीत जाऊन ती कपडे बदलायची, केस झटकायची आणि मगच काउंटरवर उभी राहायची. आईला हे एकदा कळलं, आणि त्या दिवसापासून आनंदीबाईच्या मनात दुसरं काही राहिलं नाही. पोरगी या धुळीतून बाहेर पडली पाहिजे. आपलं जे व्हायचं ते होवो, पण अक्षदाच्या पोराबाळांनी झाकलेलं पाणी प्यायचं नाही. एवढी एकच गोष्ट तिनं देवाच्या पेटीपुढे उभं राहून मागितली होती.

स्थळं दोन येऊन गेली होती. पहिल्या स्थळाच्या मावशीनं पुरीचा घास घेतला आणि तो दाताखाली कचकचला. बाई सभ्य होती, पाणी पिऊन गिळला, पण नंतर निरोपच आला नाही. दुसरी मंडळी नेमकी सुरुंगाच्या वेळेला पोचली. भांड्यांची मांडणी हादरली, वरचा पेला नवऱ्या मुलाच्या मांडीत पडला, आणि मंडळी चहा न घेताच उठली. तेव्हा तिसऱ्या वेळी आनंदीबाईनं काय केलं, तर कर्जतला टेंपो चालवणाऱ्या आपल्या भावाला, प्रवीणला, फोन करून सांगितलं की पाहुण्यांना अवसेला घेऊन ये.

प्रवीण बराच वेळ हसला. मग म्हणाला, “ताई, पोरगी बघायला बोलावतेस का उतारा ठेवायला?”

आता यात आनंदीबाईची चूक होती असं बाहेरचा माणूस म्हणेल, आणि त्याचं बरोबरच आहे. पण खडी कॉलनीतलं कोणीही आनंदीबाईसारखंच बोललं असतं. फार मागे एका अमावास्येला क्रशरच्या पट्ट्यात एका कामगाराचा हात गेला. त्यानंतर लोकांनी हट्टच धरला की अवसेला यंत्राला हात लावणार नाही. मालकानंही ते मान्य केलं. तेव्हापासून माणसांना पाळीपाळीनं सुट्टी मिळते, पण यंत्राला महिन्यातून एकच, अवसेची. त्यामुळे सगळं जग ज्या दिवशी नवं काम हातात घ्यायला भितं, त्या दिवशी खडी कॉलनीत सण असतो. पापड त्याच दिवशी वाळतात, गोधड्या त्याच दिवशी धुतल्या जातात, भिंतींना चुना त्याच दिवशी लागतो. बारसं अवसेला, सत्यनारायण अवसेला. चौकातले भटजी सुरुवातीला फार कुरकुरले, मग एकदा चालू दिवशी पूजेला आले, मंत्र म्हणताना तोंडात धूळ गेली, आणि त्यांनाही अवस पटली. शेजारच्या विठाबाईंच्या घरी अवस नव्हती. ती बौद्ध मंडळी, पौर्णिमा पाळणारी. पण गोधड्या सगळ्यांच्याच मळतात, त्यामुळे अवसेला दोरीवर सगळ्यात आधी विठाबाईंची गोधडी दिसायची. त्या दिवशी माथेरानचा डोंगरही दिसायचा. एरवी तो असतो असं नुसतं मानायचं.

प्रवीणचं हसू थांबल्यावर त्यानं बजावून सांगितलं की पाहुणे रविवारीच येणार, आणि हे स्थळ हातचं घालवू नकोस. मुलगा जितेश, चौकात जुन्या हायवेला स्वतःचं गॅरेज. घर गॅरेजच्या मागेच. वडील नाहीत, आई विमलबाई स्वभावानं सरळ. आनंदीबाईला एवढं पुरेसं होतं. चौकात घर म्हणजे पांढऱ्या रस्त्याच्या पार पलीकडे. अडचण एवढीच होती की रविवारी क्रशर चालू, आणि अवस त्याच्यानंतर बुधवारी.

मग तिनं असं काही केलं, जे कॉलनीत आजवर कोणी केलं नव्हतं. ती सुपरवायझर साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, या महिन्यात अवस रविवारी करा. साहेब नवीन होता, पोरगेलासा, त्याला आधी काही समजलंच नाही. समजल्यावर तो म्हणाला की माझं काही म्हणणं नाही, पण रविवारी बंद ठेवलं तर बुधवारी चालवावं लागेल. मुंबईकडची ऑर्डर आहे. कोण चालवणार ते तुम्हीच ठरवा.

संध्याकाळी कमानीपाशी माणसं जमली. अक्षदा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोठी झालेली, तिचं चांगलं व्हावं असं प्रत्येकाला वाटत होतं. पण अवसेला यंत्र चालवायचं म्हटल्यावर सगळ्यांच्या माना खाली गेल्या. भिवाजीही जमिनीकडे बघत राहिला. तो हात गेला तेव्हा पट्टा थांबवायला धावलेला माणूस भिवाजीच होता. आनंदीबाईला नवऱ्याचा राग आला नाही, पण ती तिथल्या दगडावर बसली.

तेव्हा विठाबाईंचा नवरा सखाराम बोलला. तो भिवाजीबरोबरच क्रशरवर लागलेला, दोघांची पाळी एक, विडी एक, आणि आता खोकलाही एकच. “मी चालवतो,” तो म्हणाला. “आमाला कसली अवस? आमी पुनव पाळतो.”

भिवाजी म्हणाला, असा जिवाशी खेळ नको.

“खेळ कसला रं. यंत्राला काय ठाऊक आज तिथी कुठली हाय,” सखाराम म्हणाला, आणि विषय तिथेच संपला.

शनिवारी संध्याकाळी क्रशर थांबला आणि कॉलनीनं कंबर कसली. रस्त्यावर पाणी मारायचा टँकर ड्रायव्हरनं आत घेतला. विठाबाईंनी पाइप हातात धरला आणि करंजाची, चिंचेची झाडं शेंड्यापासून बुंध्यापर्यंत धुऊन काढली. पत्रे धुतले, कमान धुतली. आनंदीबाईनं खिडक्या पुसल्या, मांडणीवरची भांडी उतरवून घासली, आणि रात्री ताट न झाकता जेवायला बसली. अक्षदा दारात उभी राहून झाडांकडे बघत होती. सगळी करंजं पोपटी झाली होती. तिनं आईला विचारलं, की हे बघून त्यांना खरं कसं कळणार. आनंदीबाई म्हणाली, तुला खऱ्याशी काय करायचंय, तुला चौकात जायचंय. 

रविवारी पाहुणे आले. विमलबाई, जितेश आणि त्याचे मामा. जितेश शांत मुलगा होता. हात स्वच्छ धुतलेले, तरी नखांच्या कडेला ऑइल राहिलेलं. आनंदीबाईला ते काळं ऑइल फार आवडलं. इथल्या माणसांच्या नखांत जन्मभर पांढरंच बघितलं होतं. पोहे झाले, वरून ओलं खोबरं पेरलेलं, आणि कोणाच्याही दाताखाली काही आलं नाही. अक्षदाला नाव विचारलं, काम विचारलं. जितेश म्हणाला की त्यानं तिला दुकानात बघितलंय, मामांच्या बीपीच्या गोळ्या तिच्याकडूनच नेल्या होत्या. मामा म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. सगळे हसले. बाहेर पाखरं बोलत होती. ती एरवीही बोलत असतील, ऐकू येत नसत. दारातून माथेरानचा डोंगर असा समोर उभा होता, जसा काही रोजच तिथे असतो.

विमलबाई उठून दारापर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. बराच वेळ आत येईनात. आनंदीबाईला वाटलं, काय दिसलं हिला. पण विमलबाई वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. त्या म्हणाल्या की हायवेला राहून कान किटले आहेत. रात्रभर ट्रक, हॉर्न, दारासमोर इंजिनं चालू ठेवून भांडणारे ड्रायव्हर. नवरा गेला त्या रात्रीसुद्धा शेवटचं काय बोलला ते आवाजात कळलं नाही. इतकी शांत जागा चौकापासून इतक्या जवळ आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं.

आणि मग त्या म्हणाल्या, “आनंदीताई, पोरगी पसंत हाय. पण माझं एक ऐका. यांना हितंच एक खोली बघा. जितेश गाडीवर चौकात ये-जा करंल, तुमच्या डंपरची कामं पण त्याला मिळतील. चार दिवस मी पण येऊन ऱ्हाईन.”

याला म्हणतात करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

प्रवीण तर मांडीवर थाप मारून म्हणाला की हे उत्तमच झालं. आणि भिवाजी, जो सकाळपासून पाहुण्यांपुढे खोकला दाबून बसला होता, त्याचा चेहरा एकदम उजळला. पोरगी डोळ्यांसमोर राहणार. तो म्हणाला की सखारामच्या पलीकडची खोली रिकामीच आहे, साहेबांशी बोलून घेऊ. मामांनी भाड्याचं विचारलं. जितेशनं अक्षदाकडे बघितलं. अक्षदानं आईकडे बघितलं.

आनंदीबाई म्हणाली, चहाला दूध कमी आहे, आले मी. आणि ती मागच्या दारानं बाहेर पडली.

दूध घरात भरपूर होतं. ती क्रशरकडे चालत गेली, नेसत्या जरीच्या साडीवर, चढणीनं धापा टाकत. आपण किती दमलोय हे तिला त्या चढणीवर कळलं. धुळीनं नाही, आवाजानं नाही. ही झाकाझाक करून दमलोय, आणि आता पोरीच्या आयुष्यावरही आपणच झाकण ठेवलं. तिला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणीसुद्धा येईना.

वर सखाराम यंत्राला ग्रीस भरत होता. बंदच्या दिवशी ते काम असतंच. त्यानं विचारलं, पाहुणे गेले का.

“नाय. बसलेत,” ती म्हणाली. “सखारामभाऊ, चालू करा.”

त्याला वाटलं, चढणीनं हिचं डोकं फिरलं. “वयनी, अवो पावणे हायत ना घरात?”

“हायत म्हणूनच. तिला हितंच ठेवायची बोलतायत. हितंच, तुमच्या पलीकडच्या खोलीत.”

सखारामनं हातातला ग्रीसचा डबा खाली ठेवला. त्याच्याही एका मुलीचं लग्न याच कॉलनीतून झालं होतं, आणि ती लांब दिली म्हणून विठाबाई अजून रडत असत आणि तो मनातून सुखावत असे. त्यानं जास्त विचारलं नाही. “तुमी खाली पोचा,” तो म्हणाला. “मंग भोंगा देतो.”

ती घरात पाऊल टाकते तोच भोंगा झाला. मामा दचकून उभे राहिले. मग पट्टा सुरू झाला, मग दगड फोडणारा जबडा, आणि मग दगडावर दगड. पाखरं गेली. मांडणीवरची भांडी बारीक थरथरायला लागली. आवाज पुढे आणि धूळ मागे, हा इथला नेम. थोड्या वेळानं ती उतारावरून आली, करंजांवर बसली, दारातून आत आली. माथेरान गेलं. प्रवीण तोंड उघडं टाकून बहिणीकडे बघत होता. भिवाजी उठून दाराकडे धावला आणि तिथेच त्याला खोकल्याची उबळ आली, सकाळपासून दाबलेली सगळी एकदम, आणि तो चौकटीला धरून वाकला.

अक्षदा तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आली होती. आवाज सुरू होताच तिनं काय केलं, तर कोणाकडेही न बघता प्रत्येक कप बशीतून उचलला आणि तीच बशी त्याच्यावर उपडी ठेवली. एक, दुसरा, तिसरा. हात आपोआप चालले. जितेश ते बघत होता.

आनंदीबाई विमलबाईंसमोर बसली. आता मोठ्यानं बोलावं लागणार होतं आणि ती मोठ्यानंच बोलली. “हे असं हाय. आज तुमच्यासाठी बंद ठेवलेलं. अवस सोडली तर रोज हे असं. झाडंसुद्धा काल धुतलेली. मी तुमाला फसवलं. पण माझ्या पोरीला मला हितून बाहेर काढायची हाय. तुमच्याकडं ट्रकचा आवाज असंल, ती सोशील. हितं नाय ठेवायची.”

विमलबाई भिवाजीच्या पाठीकडे बघत होत्या, जी अजून खोकल्यानं हलत होती. मग त्यांनी कपावरची बशी बघितली. चहा कोणीच घेतला नाही. मामा म्हणाले, निघू या. दारात चपला घालताना विमलबाई म्हणाल्या, कळवतो. ‘कळवतो’ म्हणजे काय हे मुलीच्या आईला कोणी सांगावं लागत नाही.

प्रवीण जाताना बहिणीशी बोलला नाही. विठाबाई पाइप गुंडाळून ठेवत होत्या, त्यांनी विचारलं आणि आनंदीबाईनं सांगितलं. विठाबाई म्हणाल्या, बरं केलंस गं. पण त्यांचाही आवाज दमलेला होता. अक्षदानं सगळे कप मोरीत ओतले आणि जेवणापर्यंत आईशी एकच वाक्य बोलली, की तू सांगितलंस ते बरं झालं, मला ते रोज लपवायला जमलं नसतं. भिवाजी जेवायला बसला आणि घास हातात घेऊन म्हणाला, “जवळ ऱ्हायली असती.”

“कशाच्या जवळ? तुमच्या खोकल्याच्या?”

हे बोलायला नको होतं, हे तिला बोलताबोलताच कळलं.  भिवाजीनं ताट झाकून ठेवलं आणि बाहेर जाऊन बसला.

बुधवारी अवस. अर्धा तास क्रशर चालवला म्हणून अवस माफ करायला साहेब काही तिचा दीर नव्हता. यंत्र चालवावं लागणारच होतं. सकाळी सखाराम निघाला तसा भिवाजीही उठला, पायात बूट घातले आणि देवापुढचा नारळ पिशवीत टाकला. आनंदीबाईनं बघितलं, पण अडवलं नाही. वर यंत्रापुढे भिवाजीनं नारळ फोडला तेव्हा सखाराम म्हणे हसून म्हणाला, फोड रं, खोबरं तरी खाऊ. हे तिला नंतर कळलं. तेव्हा तिला फक्त भोंगा ऐकू आला आणि मागोमाग तो आवाज.

आयुष्यभर ज्या आवाजाला तिनं शिव्या घातल्या, तो थांबू नये म्हणून त्या दिवशी ती देवाला विनवत होती. चालू आहे तोवर दोघं धड आहेत. मधेच थांबला तर काहीतरी झालं. ती पीठ मळत होती पण कान वर होते. पट्ट्याची एक लय असते, मोठा दगड आला की ती जड होते, आणि दर वेळी जड झाली की तिचे हात पिठात थांबत. अक्षदानं दुकानात सुट्टी टाकली होती. तीही तांदूळ निवडत बसली होती, तेच तेच तांदूळ परत परत.

ऐन दुपारी दारात मोटरसायकल थांबली. जितेश, आणि त्याच्यामागे पदर तोंडाला बांधलेल्या विमलबाई. दोघंही पांढरे झाले होते. आनंदीबाई पिठाचे हात घेऊन दाराशी आली. अवसेला, तेही भर दुपारी, लग्नाच्या बोलण्याला कोण येतं?

विमलबाई आत आल्या आणि पहिलं तेच बोलल्या, मोठ्यानं, की तुम्हीच सांगितलं अवसेला बंद असतं, म्हटलं आज गेलं तर दोन शब्द नीट बोलता येतील. मग आज कसं चालू? आनंदीबाईनं सांगितलं. रविवार कसा मागून घेतला, अवस कशी देऊन टाकली, वर कोण दोघं आहेत, आणि हात गेलेल्या माणसाचंही सांगितलं. विमलबाईंनी तोंडावरचा पदर सोडला. “आमच्या एका चहासाठी?” त्या म्हणाल्या. 

अक्षदानं चहा ठेवला. विमलबाई आनंदीबाईच्या अगदी जवळ सरकल्या, कानापाशी तोंड नेलं आणि बोलायला लागल्या. घरी तीन दिवस विचार झाला. मामा नको म्हणाले, फसवणारी माणसं म्हणाले. जितेश म्हणाला, फसवणारी असती तर गप्प बसली असती. आवाज वाढला तशा विमलबाई आणखी मोठ्यानं बोलायला लागल्या, शेवटी तर ओरडायलाच लागल्या. “तुमची पोरगी चौकातच ऱ्हाईल, विहीणबाई, हितं नाय ऱ्हाणार, मी—”

आणि क्रशर थांबला.

‘विहीणबाई’ सगळ्या कॉलनीनं ऐकलं. तिन्ही रांगांच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. पण जिच्यासाठी तो शब्द होता ती तिथे नव्हती. आनंदीबाई अनवाणी दाराबाहेर पडली होती, पिठाच्या हातांनी, पांढऱ्या रस्त्यानं वर धावत. मागून विठाबाई धावत होत्या. इतक्या वर्षांत त्या दोघींना कोणी धावताना बघितलं नव्हतं.

वर गेल्या तर दोघं म्हातारे जबड्यात वाकून बघत होते. एक मोठा दगड आडवा अडकला होता, एवढंच. सखारामच्या हातात पहार होती आणि भिवाजी त्याला कुठून घालायची ते शिकवत होता, आणि सखाराम त्याला, मला शिकवू नको म्हणत होता. चारही हात जागच्या जागी होते. आनंदीबाईनं ते एकेक बघून घेतले. मग ती तिथेच खाली बसली.

भिवाजी जवळ आला. “काय झालं गं? का धावत आलीस?”

 ती म्हणाली, “विमलबाई आल्यात. पोरगी चौकात ऱ्हाईल म्हणाल्या.”

भिवाजीनं पांढऱ्या पापण्या मिटल्या आणि उघडल्या. तिला वाटलं, तो परत म्हणेल, जवळ राहिली असती. तो म्हणाला, “सुटली.” मग खोकला, आणि खोकल्याच्या आडून थोडं रडूनही घेतलं. सखारामनं पाठ फिरवून दगडाला पहार लावली. दगड निघाला तसं भिवाजीनं नाक पुसलं आणि म्हणाला, जा खाली, पाहुणे एकटे बसलेत, संध्याकाळपर्यंतची खेप काढायची आहे.

ती उतरताना मागे भोंगा झाला. पावलागणिक तिला हलकं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, पण त्याच्या पाठोपाठ दुसरंही काही येत होतं. आता घरात झाकणं ठेवायला दोघंच. आणि पुढे कधीतरी एकटीच. हे तिनं स्वतःच मागून घेतलं होतं, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची?

ती घरात आली तेव्हा धूळही तिच्याबरोबरच आत आली. अक्षदा आणि जितेश मागच्या दाराशी उभे राहून काहीतरी बोलत होते, ऐकू येण्यासाठी एकमेकांच्या कानाशी वाकून. विमलबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर दोन कप होते, दोन्हींवर बशा उपड्या घातलेल्या. एका बशीवर त्यांनी स्वतःचा हातही ठेवला होता, थरथरून ती सरकू नये म्हणून.

तो कप त्यांनी आनंदीबाईपुढे सरकवला. आनंदीबाईनं बशी उचलली. चहा गरम होता आणि स्वच्छ होता. या घरात तिच्या वाट्याचं कोणी झाकून ठेवलं, असं आजवर कधी झालं नव्हतं. ती खाली बसली, आणि तिनं तो कप सबंध संपवला.